शेवंती नुसती पानांवर जाते, कळ्या येत नाहीत किंवा येऊन थांबतात: कारणं आणि उपाय

झाड हिरवंगार, फांद्या भरदार, खत-पाणी वेळेवर, आणि हंगाम उलटला तरी कळीचा पत्ता नाही. किंवा शेंड्याला एक कळी दिसते, पंधरा दिवस तशीच हिरवी बसून राहते आणि तिच्या खालून नव्या फांद्या निघून वर जातात. घरी कुंडीत शेवंती लावणाऱ्यांची ही दर वर्षीची तक्रार आहे. उशिरा फुलणाऱ्या, मोठ्या फुलांच्या जातींत ती जास्तच दिसते.

अशा वेळी हात आधी खताकडे जातो. ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) फवारलं जातं, हाडांचा चुरा घातला जातो, कुणी झाडाला ताण देऊन पाहतं. झाड निरोगी असेल तर यातलं काहीही कळी आणत नाही. शेवंती फुलावर येते ती रात्र मोजून. रात्र पुरेशी लांब आणि पुरेशी काळी मिळाली नाही, तर झाडाच्या लेखी फुलायची वेळच झालेली नसते. म्हणून खताचा डबा उघडण्याआधी रात्री झाडापाशी जाऊन उभं राहायचं आणि उजेड शोधायचा.

झाड रात्र कशी मोजतं

शेवंतीला पुस्तकात ‘लहान दिवसाचं झाड’ म्हणतात. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध असतो हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर प्रयोग केले. तेव्हा लक्षात आलं की झाड दिवसापेक्षा सलग अंधार मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड दिला तरी ते झाड फुललं नाही. कुंडीतल्या शेवंतीची गोची नेमकी इथे होते. दिवस कितीही लहान असो, रात्री अकरा वाजता बाल्कनीतला दिवा चालू असेल तर रात्रीचे दोन तुकडे होतात.

आकडे असे. बहुतेक जातींत कळीची सुरुवात व्हायला दिवस सुमारे साडेतेरा तासांपेक्षा लहान लागतो. पण सुरू झालेली कळी वाढून उमलायला दिवस आणखी लहान, साधारण बारा तासांच्या आसपास लागतो. या दोन आकड्यांमधल्या फरकातच अर्ध्या तक्रारी दडलेल्या आहेत: कळी धरते, पण पुढे सरकत नाही. विषुववृत्तापासून २० अंशांवर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो, ४० अंशांवर सुमारे १५ तासांचा. सूर्योदयाआधीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही झाडाला काही अंशी दिवसच वाटतो, म्हणून पंचांगातल्या दिनमानात अर्धा तास मिळवून हिशेब करावा.

हा अंधार मोजण्याचं काम पान करतं, शेंडा नाही. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवलं. वरच्या भागाची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लहान दिवस दिला, आणि उघडा शेंडा मोठ्या दिवसात असूनही फुलला. पानात तयार होणारा काहीतरी निरोप शेंड्यापर्यंत जातो, असं त्यांनी मांडलं आणि त्याला ‘फ्लोरिजन’ हे नाव दिलं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांना शेवंतीच्या एका रानटी भाऊबंदात याच्या उलट काम करणारं प्रथिनही सापडलं. मोठ्या दिवसात किंवा रात्री मध्येच उजेड पडला की पान ते बनवतं आणि ते फुलणं अडवून धरतं. म्हणजे रात्रीच्या उजेडाने फुलण्याचा निरोप नुसता थांबत नाही, ‘फुलू नकोस’ असा उलटा निरोप निघतो. कुंडीपुरता याचा अर्थ एवढाच: फक्त शेंड्यावर पिशवी बांधून उपयोग नाही, सगळी पानं अंधारात गेली पाहिजेत.

उजेड शोधणं

पूर्ण अंधार पडल्यावर दोन तासांनी झाडाशेजारी जा. पानांच्या उंचीवर छापील कागद धरा. बारीक अक्षरं आरामात वाचता आली, तर तो उजेड शेवंतीला त्रासदायक आहे असं समजा. मोबाइलमधलं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं अ‍ॅप कमी उजेडात फारसं अचूक नसतं, तरी अंदाजापुरतं चालतं. फोन पानाजवळ, दिव्याकडे तोंड करून धरायचा. झाडं झाकायच्या काळ्या कापडाखाली उजेड २० लक्सच्या आत हवा, हा फूल उत्पादकांचा जुना दंडक आहे. घरी एक-दोनच झाडं असतात, तेव्हा ५ लक्सच्या आत ठेवलेलं बरं. रस्त्यावरच्या दिव्याखाली याहून कितीतरी जास्त उजेड सहज असतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा संशय मात्र घेऊ नये. ते स्वच्छ आकाशातही पाव लक्सच्या आसपास भरतं.

रस्त्यावरच्या दिव्याची खूण झाडावरच उमटलेली असते. कुंडी बरेच आठवडे न फिरवता एका जागी असेल, तर भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांना कळ्या दिसतात आणि दिव्याकडच्या फांद्या कोवळ्या पानांनी वर धावत असतात. एकाच झाडाच्या दोन बाजू दोन हंगामांत असल्यासारख्या. हे दिसलं की निदान झालंच समजा.

शेवंतीला सगळ्यात जास्त डिवचतो तो लाल उजेड, साधारण ६६० नॅनोमीटरचा. पिवळसर बल्ब, पांढरा एलईडी, ट्यूबलाइट या सगळ्यांत लाल उजेड असतोच, म्हणून दिव्याचा प्रकार बदलून फारसा फरक पडत नाही. हिरव्या दिव्याने तुलनेने कमी त्रास होतो, पण ‘हिरवा दिवा रात्रभर चालतो’ हा समज चुकीचा आहे. क्षणभर दिवा लावून बंद केल्याने शेवंती सहसा बिथरत नाही. फुलणं मुद्दाम पुढे ढकलायचं असेल तेव्हा उत्पादकांना मध्यरात्रीच्या आसपास तीन-चार तास दिवे लावावे लागतात, त्यावरून कल्पना यावी. त्रास देतो तो रोज तासन् तास जळणारा दिवा. त्यामुळे पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे कुंडी हलवणं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत ती आडोशाला, भिंतीमागे किंवा दिवा न लागणाऱ्या खोलीत, आणि दिवसा पुन्हा उन्हात. दिवसाचं ऊन किमान पाच-सहा तास हवंच. त्याची भरपाई कशानेच होत नाही.

अंधार पांघरणं

कुंडी हलवता येत नसेल, किंवा उशिरा फुलणारी जात थोडी आधी फुलवायची असेल, तर झाड झाकावं लागतं.

जातवार एक आकडा आधी समजून घ्या. लहान दिवस सुरू झाल्यापासून फूल येईपर्यंत किती आठवडे लागतात, यावरून शेवंतीचे गट पाडतात. ते ६ आठवड्यांपासून १५ आठवड्यांपर्यंत जातात. बागेत लावायच्या लवकर फुलणाऱ्या जाती ६ ते ८ आठवड्यांत येतात, कुंडीतल्या आणि कापून विकायच्या फुलांच्या बऱ्याच जाती ८ ते ११ आठवड्यांत, आणि अगदी उशिराच्या १२ ते १५ आठवडे घेतात. रोप घेतानाच हा आकडा विचारून लेबलवर लिहावा. तो माहीत नसला की दहाव्या आठवड्यात माणूस धीर सोडतो आणि झाकणं थांबवतो. पंधरा आठवड्यांच्या जातीत नेमक्या तेव्हा कळ्या हिरव्या, अर्धवट असतात आणि तिथेच अडकतात. दहा आठवड्यांच्या जातीला १ ऑगस्टपासून झाकायला लागलं तर फुलं साधारण १० ऑक्टोबरच्या सुमारास येतात. पंधरा आठवड्यांच्या जातीला त्याच तारखेपासून नोव्हेंबरचा मध्य उजाडतो.

झाकण्यासाठी जाड काळं सुती कापड दुहेरी करून घ्या आणि ते चार काठ्यांच्या सांगाड्यावर टाका. कापड पानांना टेकता कामा नये. एक-दोन कुंड्यांसाठी तळ काढलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका, आतून काळा रंगवलेला, उत्तम काम देतो. पुठ्ठ्याला भोकं आहेत का हे भर दुपारी तपासा: खोका डोक्यावर घेऊन दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. घडीच्या रेषेत, चिकटपट्टीच्या टोकाला सुईएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात. तेवढ्या जागा कागदी पट्टीने बंद करा. काळं प्लास्टिक स्वस्त आणि पूर्ण अंधार करणारं असलं तरी आत दमट गरम हवा कोंडते, पहाटे पानांवर पाण्याचे थेंब जमतात आणि राखाडी बुरशीला आमंत्रण मिळतं. पर्यायच नसेल तर वरच्या बाजूला, उजेड वळून आत येणार नाही अशी आडवी फट ठेवून हवा खेळती ठेवावी.

वेळ: संध्याकाळी ६ ते सकाळी ८, म्हणजे चौदा तास. यापेक्षा जास्त अंधार दिल्याने फूल लवकर येत नाही. उलट झाडाला अन्न बनवायला दिवस कमी पडतो आणि फुलं लहान राहतात. पहिले तीन आठवडे एकही दिवस चुकवू नका, कारण कळीची सुरुवात याच काळात ठरते. त्यानंतर एखादी रात्र राहिली तर फूल थोडं उशिरा येतं, बिघडत काही नाही. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा विसरणं म्हणजे न झाकण्यासारखंच. कळीत रंग दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. रंग दिसला की कापड काढून ठेवलं तरी चालतं.

उन्हाळ्यात झाकलं आणि काम आणखी बिघडलं

हा प्रश्न जवळजवळ दर वेळी येतो. कळीच्या सुरुवातीला रात्रीचं तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असेल तर सर्वांत चांगलं. रात्र २४ अंशांच्या वर गेली की बऱ्याच जातींत फूल उशिरा येतं, काही जातींत आठवडा-दोन आठवडे सहज. शिवाय फुलाचा मध्य चपटा, पाकळ्या कमी आणि रंग फिका येतो. गुलाबी, जांभळ्या जातींत फिकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. संध्याकाळी सहाला, ऊन अजून तापलेलं असताना काळं कापड टाकलं, तर आतली हवा बाहेरपेक्षा बरीच गरम होते. झाडाला अंधार मिळतो, पण तापलेला.

इलाज असा: ऊन उतरल्यावर, सातच्या सुमारास झाका आणि सकाळी आठ-साडेआठला काढा. कापडाची बाहेरची बाजू पांढरी किंवा चंदेरी असेल तर आतली उष्णता कमी होते. अगदी बाहेर गडद अंधार झाल्यावर, रात्री नऊच्या सुमारास, खालचे काठ हातभर वर करून ठेवता येतात, आणि पहाट होण्याआधी परत सोडायचे. मात्र हे आसपास दिवा नसेल तरच. बाहेर रात्री सतत २६-२७ अंश असतील, तर उशिरा फुलणाऱ्या जातीला जबरदस्तीने आधी फुलवायचा हट्ट सोडावा. हवा थंडावेपर्यंत थांबलेलं झाड चांगलं फुलतं.

शेंड्याला एकच कळी, खालून फांद्या पुढे गेलेल्या

ही खूण जवळून पाहायला शिका, कारण तिच्यावरून खूप कळतं. नेहमीचं शेवंतीचं पान खोल कातरलेलं, दातेरी असतं. अशा अडलेल्या कळीच्या लगेच खालची दोन-तीन पानं मात्र अरुंद, पट्टीसारखी, जवळजवळ बिनदात्यांची असतात. त्या पानांच्या बगलेतून कळ्या यायच्या जागी पालेदार फुटवे निघतात आणि कळीला मागे टाकून वर जातात. फुलायला तयार झालेल्या शेंड्यावर याच्या उलट चित्र असतं: मधल्या कळीभोवती बगलेत छोट्या कळ्यांचा घोळका असतो.

अडलेली कळी दोन कारणांनी येते. एक तर झाडाने मोठ्या दिवसातच वीस-तीसहून जास्त पानं टाकली, वयात आलं आणि एक कळी केली, पण पुढे वाढवण्याइतकी रात्र लांब नव्हती. किंवा लहान दिवस सुरू झाले आणि मध्येच तुटले. तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. पट्टीसारख्या पानांसकट शेंड्याचा चार-पाच सेंटिमीटरचा भाग खुडून टाका, खाली निरोगी दातेरी पानं ठेवा, नव्या फुटव्यांना दहा-बारा दिवस वाढू द्या आणि अंधाराचं वेळापत्रक नव्याने, सलग सुरू करा.

शेंडे खुडण्याची वेळ चुकल्यानेही असंच होतं. रोप लावल्यावर ते रुजून नवीन वाढ दिसली की शेंड्याचा दीड-दोन सेंटिमीटर कोवळा भाग खुडायचा, खाली पाच-सहा पेरं राहिली पाहिजेत. फुटवे तेवढेच वाढले की पुन्हा. पण शेवटची खुडणी फूल हवं त्याच्या साधारण १०० दिवस आधी झालेली असावी. बारा आठवड्यांहून उशिराच्या जातींत तर आणखी आधी. लवकर लावून बेताने खुडलेलं झाड बुटकं, भरदार राहतं. फार लवकर लावून एकदाच खुडलेलं झाड लांबतं, पानं मोजून संपवतं आणि अडलेल्या कळ्या करतं.

कळ्या आल्या, पण तपकिरी होऊन वाळतात

इथे रात्रीचा दोष नसतो. कळी वाटाण्याएवढी असताना एक-दोनदा कुंडी पार सुकली की बारक्या कळ्या काळवंडतात. वाफसा टिकवा: वरचा दोन सेंटिमीटर थर बोटाला कोरडा लागला की भरपूर पाणी, तळातून निथळेपर्यंत, आणि थाळीत साचलेलं ओतून द्या. पाणी मुळाशी, सकाळी. कळ्यांवर नको.

कळ्या कोरड्या, ओरखडल्यासारख्या, पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या असतील तर फुलकिडे पाहा. पांढऱ्या कागदावर कळी टिचकीने झटका, सरपटणाऱ्या बारीक पिवळसर-तपकिरी रेघा दिसतात. शेंड्याला चिकटपणा असेल तर मावा. सुरुवातीला दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि २ मिली द्रव साबण मिसळून आठवड्याने दोन-तीन फवारण्या पुरतात. ऊन उतरल्यावर फवारा, आणि पानं वाळल्यावरच झाका. कळीत रंग आल्यावर तेल फवारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात. मऊ, करड्या केसाळ बुरशीने कुजलेली कळी मात्र फवारणीने वाचत नाही. ती काढून टाका आणि पांघरुणातला दमटपणा कमी करा.

खत, एवढं बोलल्यावर

खताला काम आहे, ते फक्त कळी आणण्याचं नाही. शेवंती पहिल्या सात आठवड्यांत भरपूर नत्र मागते. त्या काळात उपाशी ठेवलेलं झाड पुढे कितीही दिलं तरी मोठी फुलं देत नाही. लागवडीनंतर नवी वाढ दिसल्यापासून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) लिटरला १ ग्रॅम. पाणी मऊ असेल तर एका आठवड्याआड त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट तेवढंच, पण दोन्ही एका पाण्यात मिसळू नका, साका बसतो. कळ्या दिसल्यावर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला १ ग्रॅम, आणि रंग दिसला की खत बंद. शेवटपर्यंत नत्र चालू ठेवलं तर पाकळ्या नाजूक होतात आणि फूल लवकर उतरतं. माती पाणी निचरणारी, सामू ६ ते ६.५.

पुढच्या वर्षीची तयारी

फुलं संपल्यावर झाड जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर छाटा. बुंध्यातून काश्या, म्हणजे मातीतून वर येणारे नवे फुटवे, निघतील. जुनी लाकडी खोडं पुढे नेण्यापेक्षा या काश्या वेगळ्या करून लावणं किंवा त्यांच्यावरून आलेल्या कोवळ्या फुटव्यांचे ५ ते ७ सेंटिमीटरचे शेंडे कलमासाठी घेणं चांगलं. खालची पानं काढून १००० ते १५०० पीपीएम आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर लावून ओल्या वाळूत खोचले की दहा ते वीस दिवसांत मुळं धरतात. कळी असलेला शेंडा कलमाला घेऊ नका, तो मुळं धरायच्या आत फुलायच्या मागे लागतो. आणि ज्या कुंडीत मातृझाडं ठेवाल तिथे उलटं करा: काश्या वाढाव्यात म्हणून रात्री दहा ते दोन तिच्यावर एक साधा दिवा जळू द्या. फुलणाऱ्या कुंड्यांपासून ती दूर, भिंतीपलीकडे असू द्या, आणि प्रत्येक कुंडीच्या लेबलवर जात, शेवटच्या खुडणीची तारीख, झाकायला सुरुवात केल्याची तारीख आणि पहिलं फूल उमलल्याची तारीख लिहा. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे तुमच्या जागेत, तुमच्या हवेत त्या जातीला लागणारे आठवडे.